मदत हवी आहे: क्रूझवर बाल्कनीची केबिन घ्यावी का?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आई-अण्णांना घेऊन मुंबई-गोवा-मुंबई क्रूझला जायचं ठरतंय. सांगलीहून मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे बोट. बिनखिडकीची आतली केबिन बुक केलीय. आता एजंट म्हणतो, माणशी नऊ हजार जादा भरा, बाल्कनी देतो.

जेवण, शो, पोहण्याचा तलाव सगळ्यांना सारखंच. मग रात्रीच्या काळोखात समुद्र बघायला एवढे पैसे? पण अण्णांचे गुडघे धरलेत, ते डेकवर सारखी ये-जा करायचे नाहीत. आईला तर आंबा घाटातसुद्धा मळमळतं! जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात म्हणे, आणि बाल्कन्या सगळ्या वर.

खालची, नुसत्या खिडकीची केबिन पुरेल का? आणि पैसे भरण्याआधी केबिनचा नंबर मागून घेता येतो का? एजंट टाळाटाळ करतोय.