रिलेतल्या 'लेग'ला मराठीत काय म्हणायचं?

खडू_फळा: मंडळी, अडलंय. एका क्रीडालेखाचं मराठी करतेय, विषय ॲनेग्रेट रिश्टर. डॉर्टमुंडची, पश्चिम जर्मनीकडून पळायची, १९७६ ला माँट्रियलला १०० मीटरचं सुवर्ण तिचं (सेमीफायनलला ११.०१ चा विश्वविक्रम, फायनलला ११.०८). पण लेखात सगळा जोर ४ बाय १०० रिलेवर आहे (चौघींनी एकीमागून एक १०० मीटर पळायचं, एकीचा वाटा म्हणजे 'लेग'). १९७२ ला म्युनिकला क्राउझ, मिक्लर, रिश्टर आणि रोझेनडाल या चौघींनी ४२.८१ सेकंदात सुवर्ण मारलं, त्यात रिश्टरकडे 'थर्ड लेग'. वेळ वाचावा म्हणून मशीनला टाकलं तर त्याने दिलं, "रिश्टरने तिसरा पाय धावला". घरी वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं मग पहिल्या दोन पायांचं काय झालं बिचारीच्या. तर लेगला काय लिहू? 'तिसरी पाळी' लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण सांगायला नको. 'फेरी' म्हणावं तर उपांत्य फेरीशी घोळ. उद्या द्यायचंय.

दरमजल: टप्पा. यात विचारायचं काय? पूर्वी हरकारे टप्प्याटप्प्यावर बदलायचे, एकाने पिशवी आणायची, दुसऱ्याने पुढे पळायचं. टपाल हा शब्दच टप्प्यावरून आला असं माझं ठाम मत आहे आणि ते कोणी बदलू शकलेलं नाही. म्हणजे रिले आपल्याकडे पेशवाईपासून आहे.

जुना_स्कोअरर: टप्पा चेंडूला असतो हो. "तिसऱ्या टप्प्यावर रिश्टर" वाचून मला वाटेल बाईंनी स्लिपमध्ये झेल सोडला.

दरमजल: तुम्हाला सगळीकडे क्रिकेटच दिसतं. प्रवासाचे टप्पे, एसटीचे टप्पे, तिकीट टप्प्यावर असतं तेव्हा कंडक्टर बॉलिंग टाकतो का?

शुद्धमती: मुळात 'रिले' तरी का? साखळी उपोषण म्हणतो ना आपण, तसं साखळी शर्यत. सोपा, आपला शब्द. आणि लेगला कडी. रिश्टर ही तिसरी कडी.

जुना_स्कोअरर: साखळी सामने म्हणजे लीग मॅचेस, पेपरात गेली कित्येक वर्षं. "साखळीतच गारद" असं छापून येतं. साखळी शर्यत लिहिलंत तर वाचक पॉइंट टेबल शोधत बसेल. शिवाय 'शर्यत' तरी कुठे आपला, तो अरबी 'शर्त'मधून आलाय.

शुद्धमती: आलेला आणि मुरलेला यात फरक असतो. शर्यत मुरलाय. रिले अजून वर तरंगतोय.

आळशी_मांजर: शाळेच्या गॅदरिंगच्या पत्रिकेवर तीन पिढ्या रिले छापलंय, अजून किती मुरवायचा, लोणचं आहे का. आणि रिले म्हणजे मुळात फ्रेंच शिकारीत वाटेत ठेवलेली ताज्या दमाची कुत्री. पहिली दमली की ही सोडायची. हे मला फार आवडतं, पण ऑलिंपिक विजेतीच्या लेखात घालू नका.

मैदानी_काका: एवढी डोकेफोड कशाला, आपल्याकडे 'खो' आहे की! मिक्लरने रिश्टरला खो दिला, रिश्टरने रोझेनडालला. ब्लॉगवर लोक एकमेकांना खो द्यायचेच. असा शब्द जगात कोणाकडे नाही.

शुद्धमती: "कामात खो घालणे" पण आपल्याकडेच आहे.

मैदानी_काका: घालणे वेगळं, देणे वेगळं. मराठीचं सगळं सौंदर्य त्या क्रियापदात आहे, ताई.

फक्की: काका, मी जिल्ह्याला रिले पळालोय, तिसराच असायचो कारण वळणावर बरा होतो, त्यामुळे हा विषय माझा. खो-खोत पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचं नाही, उठलात की फाउल. रिलेत बरोब्बर उलटं. आम्ही पावलं मोजून मागे ट्रॅकवर फक्कीची आडवी रेघ मारायचो, दुसऱ्या नंबरचा त्या रेघेवर आला की मागे न बघता सुटायचं, बॅटन (एकाने दुसऱ्याला द्यायची दांडी) हातात नसताना, तो मागून "हात!" ओरडला की हात मागे करायचा आणि त्यात काहीतरी येईल असा विश्वास ठेवायचा. आमचं बॅटन म्हणजे सरांच्या टेबलावरचा लाकडी रूळ. एकदा पावसाने फक्की वाहून गेली, मी अंदाजाने सुटलो आणि जास्तच पुढे गेलो. रूळ पडला. त्याचा आवाज अजून आठवतो, टक् टक् टक् करत पाचव्या लेनपर्यंत गेला. तर सांगायचं काय, खो म्हणजे मिळाल्यावर पळणं आणि रिले म्हणजे मिळायच्या आधी पळणं. माँट्रियलला रिश्टरचा पश्चिम जर्मन संघ ४२.५९ पळून रौप्यावर राहिला, पूर्व जर्मनी ४२.५५. चार शतांश! तिकडे शेवटी पळणारी होती बेर्बल एकर्ट, जिने २०० मीटरलाही रिश्टरला दोन शतांशाने मागे टाकलं होतं. एवढा फरक नुसत्या हातबदलात, म्हणजे बॅटन देण्याघेण्यात, निघतो.

मैदानी_काका: हातबदल! हा शब्द कसा वाटतो लेगसाठी?

फक्की: लेगसाठी नाही हो, तो एक्स्चेंजसाठी. चार लेग, तीन हातबदल.

श्टुटगार्टकर: जर्मनमध्ये रिलेला 'श्टाफेल' म्हणतात, मूळ अर्थ पायरी, शिडीचा दांडा. आमच्या श्टुटगार्टमध्ये डोंगरउतारावर जुने दगडी जिने आहेत, त्यांना इथली माणसं 'श्टेफेले' म्हणतात. सामान घेऊन चढताना मी दुसरंच काहीतरी म्हणतो. टीव्ही सिरियलच्या सीझनलाही श्टाफेल. म्हणजे मशीनला जर्मन लेख दिला असतात तर पायाऐवजी "रिश्टर तिसऱ्या सीझनमध्ये" आलं असतं. आणि शेवटी पळणारी म्हणजे 'श्लुसलॉयफरिन', सरळ शेवटची पळणारी. इंग्रजीत तिला अँकर म्हणतात, मराठीत 'अँकर रोझेनडाल' लिहाल तर ती बातम्या द्यायला बसेल.

आळशी_मांजर: पायरी छान आहे की. तिसरी पायरी.

शुद्धमती: पायरी शिकारी कुत्र्यांपेक्षा बरी. पण कडी जास्त बरी.

दरमजल: टप्पा.

नुक्ता: ते राहू द्या, आधी नाव नीट लिहा. रिश्टर की रिख्टर की रिक्टर? आमच्याकडे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावागावात पोरासोरांना 'रिश्टर स्केल' पाठ झालं, पण ते चार्ल्स रिक्टर अमेरिकन, त्यांचं रिक्टर.

श्टुटगार्टकर: या बाईंचं रिश्टरच चालेल. तो आवाज ह आणि श च्या मधला आहे, मराठीत नाही. रिख्टर मात्र नको. अर्थ न्यायाधीश. आपल्याकडे आडनाव न्यायाधीश आहेच, तसं.

नुक्ता: म्हणजे भूकंपवाल्या अमेरिकनालाच आपण जर्मन उच्चार दिला. वा.

आळशी_मांजर: लेखात 'निवृत्त धावपटू' आहे का? निवृत्त म्हटलं की मला पेन्शनच्या रांगेतला हयातीचा दाखला दिसतो. माजी लिहा.

जुना_स्कोअरर: माजी म्हणजे आमदार. खेळाडू निवृत्तच होतो. हिचं तर १९८० ला मॉस्कोवर तिच्या देशाने बहिष्कार टाकल्यावर दारच लागलं.

शुद्धमती: आणि 'धावपटू' स्त्रीलिंगी कसा, हा प्रश्न कोणालाच पडत नाही? संस्कृतात पट्वी होतं. धावपट्वी.

मैदानी_काका: ताई, धावपट्वी म्हणजे मला विमानतळ वाटलं.

खडू_फळा: धन्यवाद सगळ्यांना, लेख काल गेला. भांडण नको म्हणून शेवटी "रिश्टर तिसऱ्या क्रमांकावर धावली" असं लिहिलं. आत्ता संपादकांचा फोन होता, तिसरी आली तर सुवर्ण कसं मिळालं म्हणून.

दरमजल: टप्पा म्हणालो होतो.

नुक्ता: आणि नाव काय छापताहेत, रिक्टर?