आई ७६ वर्षांची, गालाचा कॅन्सर. ऑपरेशन करावं का?

निपाणीकर:
आईनं तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली, मिश्री तर लहानपणापासून. डाव्या गालाला आतून जखम झाली. तिखट झोंबतंय म्हणून दोन महिने दुधात भाकरी कुस्करून खात होती, आम्ही दाताचं समजत बसलो. तुकडा तपासला तर कॅन्सर. मानेतही गाठ आहे. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, मग ३० करंट (रेडिएशन) आणि दर आठवड्याला किमो. थोरला भाऊ म्हणतो, या वयात चिरफाड नको, घरीच सांभाळू. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, खरं बाजाराला अजून चालत जाते. तिला काही सांगितलेलं नाही. काय करू कळेना.

निवृत्त सिस्टर, बेळगाव:
दादा, ७६ हा आकडा जरा बाजूला ठेवा. वजन किती उतरलं, हात न टेकता खुर्चीतून उठतात का, विसरतात का, गोळ्या किती, घरात दिवसभर कोण असतं, हे आधी बघायला लावा. जी-८ म्हणून आठ प्रश्नांची तपासणी आहे, पाच-दहा मिनिटांची. १७ पैकी १४ किंवा कमी आले तर सविस्तर तपासतात. कुणी आपणहून केली नाही तर मागून घ्या.

चालत बाजाराला जाणाऱ्या बाईचं ऑपरेशन नुसत्या वयावरून टाळू नका. या कॅन्सरचा मुख्य उपचार तोच. भावाला सांगा, घरी सांभाळणं वाटतं तितकं शांत नसतं. जखम गालातून बाहेर येते, वास येतो, रक्त थांबत नाही, तोंड उघडत नाही. वॉर्डात मी हे फार बघितलंय.

किमोचं मात्र वेगळं. करंटसोबत किमो देण्याचा फायदा वयाबरोबर घटत जातो, सत्तरीनंतर जवळजवळ दिसत नाही. ऑपरेशनच्या रिपोर्टनंतर स्पष्ट विचारा, "नुसत्या करंटवर भागेल का?" अंगात ताकदच नसेल तर दुखणं आणि रक्त थांबवण्यापुरता थोड्या दिवसांचा करंटही देता येतो. आणि करंटच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेले दात नंतर काढले तर जबड्याचं हाड लवकर भरत नाही.

खानापूरची लेक:
आमच्या बाबांना ८१व्या वर्षी सिस्प्लॅटिन नावाचं किमोचं औषध दिलं. तिसऱ्या डोसानंतर क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) चढलं, कानाला ऐकू येईना. किडनी झेपेल का हे आधी तिथं कुणी बोललं नाही, आम्हालाही सुचलं नाही. खरं जास्त सलतंय ते हे की बाबांना आम्ही विचारलंच नाही. दादा, आईशी बोला.

निपाणीकर:
सिस्टर, ताई, काल रात्री सांगितलं. ती भांडी पुसत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मला कवाच ठाव हाय. वखारीतल्या दोघी अशाच गेल्या. कापू दे. खरं सलाईन लावून महिना महिना पडायची न्हाई मी." हे तिचे शब्द कागदावर लिहून घेतलेत. सोमवारी मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतोय, भाऊही येतोय.