यावलच्या भरीत पार्टीत बेली डान्सची सुपारी आलीय, घेऊ का नको?

जळगावची_पोर
नमस्कार मंडळी, पुण्यात नोकरीला असताना चार वर्षं बेली डान्स शिकले, आता लग्नानंतर जळगावात आहे आणि सकाळी गच्चीवर सहा-सात बायकांचा क्लास घेते. आतापर्यंत तीन कार्यक्रम केले, तिन्ही ओळखीतले, एक हळद, एक लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आणि एक डोहाळजेवण (हो खरंच, आणि सगळ्यात भारी पब्लिक तिथेच होतं). आता यावलकडून एकांचा फोन आलाय, केळीच्या मळ्यात फार्महाऊस आहे, भरीत पार्टी आहे, साठ-सत्तर माणसं, रात्री नऊनंतर अर्धा तास नाचायचं आणि पैसे मी सांगितले त्याच्या डबल देतो म्हणे. डबल ऐकून आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळाच आला. बायका असतील का विचारलं तर "असतील ना ताई दोन-चार". नवरा म्हणतो तू ठरव, सासूबाईंना वाटतं मी झुंबा शिकवते. जाऊ का? आणि गेलेच तर आधी काय काय बोलून घेऊ? पोटाला जाळी लावली तर चालते का तेही सांगा.

धुळ्याची_शिमी
आठ वर्षं सुपाऱ्या घेतेय म्हणून सांगते, डबल पैसे देणारा माणूस डान्सचे पैसे देत नसतो गं, तू नाही म्हणू नये म्हणून देत असतो. आधी त्याच्या बायकोशी किंवा बहिणीशी फोनवर बोल. घरातली बाई फोनवर यायला तयार नसेल तर विषय संपला. पहिल्या रांगेत बायका-पोरं बसणार, माझ्यापासून आठ-दहा फूट कुणी पुढे येणार नाही, व्हिडिओ काढायचा नाही, दारूचा राऊंड माझं झाल्यावर, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घे आणि निम्मे पैसे आधी. अर्धा तास तर मुळीच नको, पंधरा-अठरा मिनिटं पुष्कळ झाली, व्हेल (ती लांब पातळ ओढणी) घेऊन एन्ट्री, मग एक संथ गाणं, शेवटी ड्रम सोलो, म्हणजे नुसत्या ढोलावर नाच, आणि बाहेर. ड्रम सोलोत मकसूम तालावर हिप ड्रॉप, म्हणजे कंबरेचे खाली झटके, पडायला लागले की ज्याला डान्समधलं काही कळत नाही त्याचीपण मान हलते.
जाळीचं म्हणशील तर इजिप्तमध्येच राष्ट्राध्यक्ष नासरच्या काळात पोट झाकायचा नियम झाला आणि तिथल्या डान्सर जाळी लावून नाचल्या, त्यामुळे लाव बिनधास्त. आणि घरच्या कार्यक्रमात नाचणं म्हणजे काही कमीपणा नाही, तिकडे लग्नात वरातीच्या पुढे डान्सर असते, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं शमादान घेऊन. हे नाटकी स्टेज, चमचमते कपडे वगैरे नंतरचं, कैरोत बदिया मसाबनी नावाच्या डान्सरने १९२६ च्या सुमारास क्लब काढला तिथून ते वाढलं.
अजून एक, डिसेंबरात मळ्यात रात्री दव पडतं. मी शिरपूरकडे एकदा मंडपवाल्याच्या हिरव्या मॅटवर अनवाणी नाचले, मॅट ओलीचिंब, एका टर्नला सरळ बसलेच खाली, लोकांना वाटलं स्टेपच आहे, टाळ्या पडल्या. थंडीत कंबर आखडते ती वेगळीच, शाल पांघरून वीस मिनिटं वॉर्मअप केल्याशिवाय शिमी, म्हणजे ते अंग थरथरवणं, करायची नाही.

भुसावळ_साऊंडवाला
ताई गाणी पेनड्राईव्हवर पण आणा आणि मोबाईलमध्ये पण ठेवा, मोबाईल लावला तर एअरप्लेन मोड विसरू नका. आमच्याकडे एका मॅडमच्या ऐन सोलोत त्यांच्या आईचा फोन आला, पूर्ण लॉनवर आरतीची रिंगटोन वाजली, दोन आजोबांनी चपला काढल्या. आणि आमच्यातल्याच काही पोरांना मधेच आयटम साँग टाकायची खाज असते, आधीच सांगून ठेवा की गाणं बदललं तर मी थांबेन. नऊचा कार्यक्रम आपल्याकडे साडेदहाला सुरू होतो हे तर माहितीच आहे आणि उघड्यावर दहानंतर स्पीकर चालत नाही, पोलीस आले तर मालक गायब आणि पुढे आपण.

अमळनेरकर७८
हे असलं आपल्या भागात शोभतं का? भरीत पार्टी म्हणजे कळण्याची भाकरी, ठेचा आणि गप्पा. तिथे पोट हलवायचं काय काम.

चोपड्याची_आत्या
अहो भाऊ, आपल्या खान्देशात जत्रेला तमाशा येतो तेव्हा तंबूत पुढच्या रांगेत कोण बसतं ते सांगू का? माझे वडीलच बसायचे. दौलतजादा करायला खिसा मोकळा आणि घरी आलं की शोभतं का म्हणून विचारायचं.
माय, मना सल्ला इतलाच शे, पैसा अंगावर टाकू दिऊ नको. पहिली नोट उडाली की दुसरा माणूस नोट घेऊन जवळ येतो, तिसरा ती कमरेला खोचायला बघतो. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेपण डान्स बारच्या केसमध्ये टीप हातात द्या पण उधळायची नाही असंच म्हटलंय, तो कायदा हॉटेल-बारचा, तुझ्या मळ्याचा नाही, पण सांगायला बरं पडतं. आणि एकटी जाऊ नको, गाडी स्वतःची, ड्रायव्हर ओळखीचा, गाडीचं तोंड रस्त्याकडे करूनच लावायला सांग. कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे का ते दिवसा जाऊन बघून ये, मळ्यातल्या खोलीला बऱ्याचदा दारालाच दार नसतं.

जळगावची_पोर
सगळ्यांना थँक्यू, आत्या तुम्हाला डबल. आज फोन केला आणि शिमीताईंनी सांगितलं ते सगळं बोलले. पहिल्या रांगेत बायका म्हटल्यावर समोरून बराच वेळ काही आवाज नाही, मग "बघतो, कळवतो". तासाभराने त्याच नंबरवरून त्यांच्या मिसेस बोलल्या, त्यांना या पार्टीचं काही माहितीच नव्हतं!! फोनमध्ये माझं नाव बघून कोण म्हणून विचारायला केलेला. मी काय ते खरं सांगितलं. पार्टीचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण त्यांनी जानेवारीत हळदीकुंकवाला बोलावलंय, दुपारी चार वाजता, त्यांच्या घरी, फक्त बायका, रेट माझा नेहमीचाच. आता स्किन कलरची ताणणारी जाळी कुठे मिळेल ते सांगा, फुले मार्केट पूर्ण फिरले, सगळीकडे सोनेरीच दाखवतात.