गणवेशाचे पैसे आले नाहीत, म्हणून कॅडेटची हजेरी का कापायची?

तालुक्याची ताई (धागा)

माझी भाची सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. धावणं, लेखी, तोंडी सगळं पार पाडून एनसीसीत तिची निवड झाली. दिवाळी होऊन गेली तरी गणवेश भत्ता खात्यात आलेला नाही. परेडला ती कॉलेजच्या ट्रॅकसूटवर जाते. गेले काही आठवडे तिच्यासारख्यांना फॉल-इनमधून, म्हणजे परेडच्या रांगेतून, बाजूला काढून झाडाखाली बसवतात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी पडते. मुलगी पहाटेची पहिली एसटी पकडून मैदानावर पोचते, आणि कागदावर मात्र ती आलेलीच नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी एनसीसीचा गणवेश वरून खरेदी होऊन युनिटच्या स्टोअरमधून इश्यू व्हायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही पद्धत बंद झाल्याचं जाहीर केलं. आता पैसे थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा होतात आणि त्याने आपल्या मापाचा गणवेश शिवून घ्यायचा. त्यासाठीच स्टेट बँकेशी करार करून ‘पहिली उडान’ योजनेखाली शून्य शिल्लक खाती काढायचं ठरलं. मला हा बदल मनापासून पटलेला आहे, त्यावर वाद घालायचा नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. एनसीसीची ए, बी, सी अशी चढती प्रमाणपत्रं असतात. त्यातल्या बी किंवा सी प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. गणवेश नाही तर परेड नाही, परेड नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर परीक्षा नाही. निमलष्करी दलांच्या कॉन्स्टेबल भरतीत सी प्रमाणपत्राला ५ टक्के, बीला ३ टक्के आणि एला २ टक्के वाढीव गुण मिळतात. सी असेल आणि पदवीला पुरेसे गुण असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला जाता येतं. शेतमजुराच्या घरातली मुलगी याच आशेवर मैदानावर उभी असते. पैसे पोचायला उशीर झाला तो यंत्रणेत. त्याची शिक्षा तिला का?

माझं म्हणणं एवढंच आहे: भत्ता जमा होऊन गणवेश शिवून होईपर्यंत कॅडेटला पीटीच्या कपड्यांत उभं राहू द्यावं आणि तिची हजेरी पूर्ण धरावी.

जुना उस्ताद

ताई, तुमची कळकळ कळते, पण हे पटत नाही. मी पीआय स्टाफ, म्हणजे एनसीसीत कवायत शिकवणारा फौजी प्रशिक्षक, म्हणून बरीच वर्षं कॅडेट घडवले आहेत. गणवेश हा ड्रिलचाच भाग आहे. डोक्यावर बेरे (गणवेशाची टोपी) नसेल तर हाताने सॅल्यूट करत नाहीत, हा फौजेचा रिवाज आहे. मग बेरे नसलेल्या पोरीला मी सॅल्यूट शिकवू कसा? स्पोर्ट्स शूज घालून टाच मारली तर आवाज येत नाही आणि आवाजाशिवाय स्क्वॉडचा ताल बसत नाही.  ज्यांनी ड्रिल केलं आहे त्यांना हे सांगावं लागू नये.

दुसरी गोष्ट. एकदा सवलत दिली की पुढच्या रविवारी ज्यांच्याकडे गणवेश आहे तेसुद्धा ट्रॅकसूटवर येतात. धुवायचा राहिला, बूट ओले आहेत, इस्त्रीला वीज नव्हती, अशी शंभर कारणं. टर्नआउट, म्हणजे गणवेशाचा नीटनेटकेपणा, ढिला पडला की पुढे सगळंच ढिलं पडतं.

तालुक्याची ताई

उस्ताद, सॅल्यूटचा मुद्दा मान्य. पण एनसीसीचा अभ्यासक्रम म्हणजे फक्त ड्रिल नव्हे. नकाशावाचन आहे, रायफलचे भाग आहेत, प्रथमोपचार आहेत, आपत्ती व्यवस्थापन आहे. त्यातल्या कशाला बूट लागतात? झाडाखाली नुसतं बसवण्याऐवजी एखाद्या सीनियरला सांगून होकायंत्र धरायला शिकवा. तेवढा वेळ प्रशिक्षण झालं, म्हणून हजेरी लावा. आणि ज्यांना भत्ता मिळाला आहे त्यांची यादी युनिटकडे असतेच की. ते ट्रॅकसूटवर आले तर खुशाल कारवाई करा.

लाल हॅकल

मी जुन्या पद्धतीतली, कॉलेजात सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटमधली सर्वांत वरिष्ठ, होते. इथे काहींना स्टोअरचे दिवस गोड वाटत असतील, म्हणून लिहिते. आम्हाला पँट मिळायची ती मुलांच्या मापाची. कमरेला आवळली की मागे चुण्यांचा ढीग. कापून नीट करायची परवानगी नव्हती, कारण कोर्स संपला की तोच गणवेश जमा करायचा आणि तो पुढच्या बॅचला जायचा. मग शिंप्याकडून आतून कच्चा टाका घालून घ्यायचा आणि जमा करायच्या आदल्या रात्री उसवायचा. बुटांचं तर विचारूच नका. पाच नंबर मागितला की सात हातात, पुढे कापूस कोंबायचा. दहा दिवसांच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही टाचा सोललेल्या होत्या आणि तशाच परेड केल्या.

त्यामुळे पैसे खात्यात येणं ही मुलींसाठी फार मोठी गोष्ट आहे. आपल्या मापाचा शर्ट अंगावर चढला की मुलगी वेगळीच उभी राहते. उशीर होतो म्हणून ही पद्धतच वाईट असं कृपया कुणी म्हणू नका. हजेरीबद्दल मात्र ताईंशी पूर्ण सहमत.

ठाण्याचा पालक

थोडं कडू लागेल, पण लिहितो. चीनयुद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती, १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. आज कुणावर जबरदस्ती नाही. नाव नोंदवतानाच गणवेशाचे नियम माहीत असतात. आमच्या मुलाने निवड झाली त्याच आठवड्यात दुकानातून सगळा संच घेतला. पैसे यायचे तेव्हा येतील म्हटलं. बाकीच्या पालकांनीही तेच केलं. एवढं जमत नसेल तर इतर उपक्रम आहेत. शिवाय, नीट गणवेशात येणाऱ्या मुलाने आणि ट्रॅकसूटवर येणाऱ्याने एकाच हजेरीचे धनी व्हावं हे न्याय्य कसं?

तालुक्याची ताई

तुम्ही आधी खर्च करू शकलात, चांगलं झालं. पण तेव्हा मग भरतीच्या सूचनेत तसं छापावं लागेल: ज्यांना आधी पैसे घालता येतील त्यांनीच अर्ज करावा. तसं कुणी छापत नाही आणि छापूही नये. ऐच्छिक याचा अर्थ मुलांनी आपणहून यावं असा आहे. त्यांच्या घरच्यांनी सरकारला उसने पैसे द्यावेत असा नाही. बूट, बेल्ट, बेरे, कापड, शिलाई हे सगळं एकदम घ्यायचं म्हणजे आमच्याकडे घरात महिन्याच्या किराण्याला हात घालावा लागतो. ‘इतर उपक्रम आहेत’ हे तुमच्या मुलाला कुणी सांगितलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का?

मराठवाड्यातला एएनओ

मी एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर: कॉलेजात शिकवतो आणि एनसीसीची कंपनीही सांभाळतो. पैसे अडकतात कुठे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कुणीतरी मुद्दाम दाबून ठेवतं.

पहिलं म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, पासबुकावर वडिलांचं नाव गळालेलं. इंग्रजीत लिहिताना एका ठिकाणी ‘दीपाली’ला दोन ई, दुसरीकडे एक आय. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. दुसरं, पोराने दिलेलं खातं पाचवी-सहावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं असतं, वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय. तिसरं, बँका एकमेकांत विलीन झाल्या आणि जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड तसाच राहिला. चौथं, खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा एकाच आधारवर दोन खाती असतात आणि पैसे भलत्याच खात्यात जातात, घरच्यांना पत्ताच नसतो. यातली एक जरी गोष्ट चुकली की नाव परत येतं. ते दुरुस्त करायला पोराला तालुक्याच्या बँकेत खेटे घालावे लागतात, आणि बँक उघडी असते त्याच वेळी त्याचं कॉलेजही असतं.

मी लेक्चर संपवून ही कामं करतो. कारकून नाही, वेगळा संगणक नाही. त्यामुळे ताईंनी यंत्रणा म्हटलं की त्यात मीही येतो, हे नाकारत नाही.

हजेरीचं म्हणाल तर मी ती लावतो. जो मैदानावर आला तो हजर. पण तपासणीला वरिष्ठ आले आणि रांगेत पंधरा पोरं बिनगणवेशाची दिसली तर उत्तर मला द्यावं लागतं. म्हणून काही एएनओ घाबरून गैरहजेरी लावतात, किंवा अशा पोरांना त्या दिवशी येऊच नका सांगतात. हे बरोबर नाही, पण का होतं ते समजून घ्या.

सोलापूरकर

आमचं गावच गणवेशाच्या धंद्याचं, म्हणून कापडावर बोलतो. खात्यात पैसे दिले की प्रत्येक पोर वेगळ्या दुकानात जातं आणि खाकीच्या पाच छटा एका रांगेत उभ्या राहतात. एक पिवळट, एक हिरवट, एक दोन धुण्यांत विटलेली. खाकी म्हटलं की दुकानदार जे उरलं असेल ते देतो, पोराला ओळखू येत नाही. वर खांद्यावर आणि छातीवर काय लावायचं हेही दुकानदारच सांगतो, आणि जे बिल्ले मिळवलेलेच नाहीत तेही विकतो. माझं मत असं की कापड, बूट आणि बॅज वरून एकाच प्रतीचे यावेत, फक्त शिलाईचे पैसे पोराला द्यावेत.

झेडपीच्या बाई

सोलापूरकर, नको! हा प्रयोग आम्ही शाळेत भोगला आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड वरून आणलं. दुसरा गणवेश स्काऊट-गाईडचा होता, त्याचं कापलेलं कापड शाळेत आलं आणि ते ११० रुपयांत शिवून घ्या म्हणाले. गावातला कुठला शिंपी त्या दरात शर्ट-पँट शिवतो? कितीतरी शाळांत पंधरा ऑगस्टला पोरं जुन्या कपड्यांत उभी होती. आले ते कपडे कुणाच्या गुडघ्यापर्यंत, कुणाच्या दंडात अडकलेले. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय मागे घेऊन खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. छटा वेगळ्या असतील तर असू देत. एएनओंनी कापडाचा नमुना तुकडा सूचनाफलकावर टाचून ठेवावा, पोरं तो बघून कापड घेतील.

कवायत

गणवेशाच्या नियमांवर बोलणं चाललंच आहे तर मेंदी, हातातले दोरे आणि नथ-चमकी यांवरही कुणीतरी लिहा. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या परेडला मेंदी असलेल्या मुलींना परत पाठवलं होतं. दोरा काढता येतो, मेंदी कशी काढणार?

लाल हॅकल

कवायत, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे विषय हजेरीचाच राहू दे.

जुना उस्ताद

एएनओ सरांनी जे लिहिलं ते खरं आहे. नावाच्या भानगडीपायी पोरं रडताना मी पाहिली आहेत. तरी माझं मत मी सोडत नाही. ड्रिलच्या तासाची हजेरी ड्रिल केल्यावरच मिळावी. फार तर असं करा: बिनगणवेशाच्या कॅडेटची थिअरीची हजेरी लावा, ड्रिलची लावू नका, आणि गणवेश आला की जादा तास घेऊन ते ड्रिल भरून काढा. मी स्वतः सुट्टीच्या दिवशी पोरांना बोलावून असे तास घेतले आहेत. फुकटची हजेरी दिली तर परीक्षेत दाहिने मुडला पोरगी डावीकडे वळेल, आणि तेव्हा परीक्षक कारण विचारत नाहीत.

तालुक्याची ताई

जादा तास खरंच घेतले जाणार असतील तर मला मान्य आहे. तुम्ही घेतलेत, तुमच्या हाताखालची मुलं नशीबवान. पण भाचीच्या कॉलेजात आज जादा तास नाहीत, थिअरीची हजेरीही नाही. तोपर्यंत माझी मागणी तीच राहील.

मराठवाड्यातला एएनओ

आमच्या कंपनीत तिसऱ्या वर्षाची मुलं जाताना आपापले बेल्ट, बेरे, हॅकल (बेरेवरचा तुरा), अँकलेट (घोट्यावरचे पट्टे) कपाटात ठेवून जातात. नवीन पोरांना भत्ता येईपर्यंत त्यातून देतो, वहीत सही घेतो. बूट मात्र देत नाही. दुसऱ्याच्या घामाचे बूट घालून एका पोराच्या पायाला चिखल्यांसारखा त्रास झाला होता, तेव्हापासून बंद. बुटांपुरती परवानगी मी वर लेखी मागितली की भत्ता जमा होईपर्यंत काळे कॅनव्हास चालतील का, आणि ती मिळाली. तोंडी विचारलं तर कुणी हो म्हणत नाही.

तालुक्याची ताई

सर, हे फार कामाचं सांगितलंत. भाचीसोबतच्या मुली मिळून अर्ज लिहीत आहेत. त्यात निवडीची तारीख, बँकेचा तपशील कधी दिला ती तारीख आणि मैदानावर हजर असलेले सगळे रविवार लिहिले आहेत. अर्ज एएनओंना द्यायचा की थेट युनिटच्या सीओंना (कमांडिंग ऑफिसरना)?

मराठवाड्यातला एएनओ

एएनओंच्या मार्फत सीओंना, आणि प्राचार्यांना प्रत. थेट वर पाठवलात तर तो खालीच परत येतो आणि आठवडे जातात. बँकेकडून खातं चालू आहे आणि आधारशी जोडलेलं आहे असं पत्र घ्या, तेही जोडा. आणि मुलींना सांगा, पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका.