गुरू एवढा मोठा, मग आकाशात ठिपका का?

दुपारची सावली
माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्या भिंतीवर सूर्यमालेचा तक्ता आहे. एका टोकाला सूर्याची कड आणि पुढे आठ ग्रह मण्यांसारखे ओळीत. काल रात्री तिला खरा गुरू दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, "तक्त्यात तर तो पृथ्वीच्या जवळच आहे, आणि केवढा मोठा! मग इथून ठिपकाच का?" मी म्हटलं, "लांब आहे म्हणून." पण हे उत्तर मलाच पुरेना. नुसते कोटींचे आकडे न फेकता ते अंतर तिला कसं समजावू? आणि माझ्या लहानपणी असलेला प्लूटो तक्त्यातून का गेला, तेही कुणी नीट सांगाल का?

मोजणीदार
मुलीने तक्त्याची खोट बरोबर पकडली. ग्रहांचे आकार आणि अंतरं एकाच प्रमाणात कागदावर मावत नाहीत, म्हणून छापणारे अंतरं गाळून टाकतात. मी जमीनमोजणीत तीस वर्षं काढली आहेत, प्रमाण सोडलेला नकाशा मला बघवत नाही. म्हणून नातवाला घेऊन मोकळ्या मैदानात 30 मीटरचा टेप धरला. प्रमाण ठेवलं 1 मिलिमीटरला 10,000 किलोमीटर.

सूर्य 14 सेंटिमीटरचा. पुठ्ठ्याची चकती कापून खांबाला लावली. बुध 6 मीटरवर, शुक्र 11, पृथ्वी 15, मंगळ 23. चारही खडकाळ ग्रह पहिल्याच टेपात आले. पृथ्वी जेमतेम सव्वा मिलिमीटरची, आणि तिच्यापासून चंद्र चार सेंटिमीटरही नाही.

पृथ्वीच्या खुणेवर उभं राहून मागे वळून चकतीकडे बघा. आकाशात सूर्य जेवढा दिसतो तेवढीच ती दिसते. आकडेमोड मीच केली होती, तरी तिथे उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला. (पडताळायला खऱ्या सूर्याकडे बघू नका. पौर्णिमेचा चंद्र घ्या, तोही आकाशात जवळजवळ तेवढाच दिसतो.)

दुसरा टेप ग्रहाविना गेला. तिथे लघुग्रहांचा पट्टा आहे. चित्रांत दगडांची दाटी दाखवतात, पण सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या पाच टक्के भरत नाही. यानं त्यातून बिनधोक पार होतात. गुरू तिसऱ्या टेपात, 78 मीटरवर, 14 मिलिमीटरचा मणी. आता पृथ्वीच्या खुणेवर परत या आणि 63 मीटरवरचा तो मणी शोधा. सापडत नाही! गुरू पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही एवढा दूर असतो. सूर्याचा उजेड अंगावर पडून काळ्या आकाशात चमकतो म्हणून तो दिसतो, पण त्याची गोलाई नुसत्या डोळ्याला कळत नाही. मुलीला हे सांगण्यापेक्षा तो मणी शोधायला लावा.

शनी पाचव्या टेपात, युरेनस दहाव्यात आणि नेपच्यून बरोबर पंधरावा टेप संपतो तिथे, 450 मीटरवर. या खुणेपाशी नातवाला एक हकिगत सांगितली, तुम्हीही सांगा. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने कागदावर हिशेब मांडून, त्याला ओढणाऱ्या न पाहिलेल्या ग्रहाची जागा काढली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठी मोजणी माहीत नाही.

शिवाय या प्रमाणात प्रकाश सेकंदाला 3 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे मुंगीच्या चालीने. चकतीपासून पृथ्वीपर्यंत 8 मिनिटं 20 सेकंद. नेपच्यूनपर्यंत चार तासांहून जास्त.

उल्का
प्लूटोचं मी सांगते. काकांच्या मैदानात तो सरासरी 590 मीटरवर, पाव मिलिमीटरचा कण. आपल्या चंद्रापेक्षाही लहान. 1930 मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांना सापडला तेव्हा तिकडे दुसरं काही माहीत नव्हतं. 1992 पासून त्याच भागात एकामागून एक बर्फाळ गोळे सापडू लागले, आणि 2005 मध्ये जवळजवळ त्याच्याच आकाराच्या एरिसची बातमी आली. मग एरिसलाही ग्रह म्हणायचं का? ऑगस्ट 2006 मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने व्याख्या ठरवली: ग्रह सूर्याभोवती फिरणारा हवा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला हवा, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला हवा. तिसऱ्या अटीत प्लूटो बसत नाही, म्हणून तो बटुग्रह.

'हकालपट्टी' हा शब्द मात्र मला आवडत नाही. 2015 मध्ये न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं आणि नायट्रोजनच्या बर्फाचं प्रचंड मैदान, पाण्याच्या बर्फाचे डोंगर दिसले. मुलीला ते फोटो नक्की दाखवा.

दुपारची सावली
आज पाच टेप मोजले, शनीपर्यंत. मणी शोधायला ती तीनदा पृथ्वीवर परत आली. मग मुंगी किती चालते ते घड्याळ लावून पाहिलं. आता नवा प्रश्न: सगळ्यात जवळचा तारा कितव्या टेपात?

मोजणीदार
टेप गुंडाळून ठेवा. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, तो याच प्रमाणात सुमारे 4,000 किलोमीटरवर येतो. टेप लागतील एक लाख तीस हजारांहून जास्त.

त्यापेक्षा आता साधी द्विनेत्री दुर्बीण मिळवा आणि गुरूकडे बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, बारीक ठिपके दिसतील. तेच चार चंद्र जे गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये पाहिले. कधी चारही दिसतात, कधी तीन, कारण एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असतो. मुलीला रोज त्याच वेळी वहीत जागा टिपायला सांगा, दुसऱ्याच रात्री त्या बदललेल्या दिसतील. फक्त कोपर भिंतीवर किंवा कठड्यावर टेकवून धरा. हात हलला की चंद्र हरवतात.