मिरर चर्न अंक २ असताना पाय (π) फ्लक्सवरच्या पातळ्या शून्यावर का बसत नाहीत?

प्रश्न:
चौरस जाळी, २४×२४, टोरस (समोरासमोरच्या कडा जोडलेल्या). टाइट-बाइंडिंग मॉडेलमध्ये (इलेक्ट्रॉन जाळीच्या बिंदूंवरून उड्या मारतो) पार्टिकल-होल सममिती आहे (ऊर्जापातळ्या ± अशा जोडीने येतात), गॅप, म्हणजे पातळ्या नसलेला ऊर्जेचा पट्टा, −१ ते +१. (१२,०) अंतरावर दोन पाय फ्लक्स (चौकटीतून अर्धा क्वांटम चुंबकीय फ्लक्स; भोवती फिरल्यास फेज −१) टाकले. मिरर चर्न अंक (आरसा-सममितीने मॉडेलचे दोन सेक्टर पडतात, त्यांचे चर्न अंक हे टोपोलॉजिकल पूर्णांक +n आणि −n; तो n) १ ला चार पातळ्या जवळपास शून्यावर येतात. अंक २ ला आठ अपेक्षित होत्या, पण चार +०.१५ वर आणि चार −०.१५ वर मिळतात. कोड चुकलाय का?

उत्तर १:
लगेच कोडला दोष देऊ नका. जाळी ३६×३६ करून अंतर १८ ठेवा. ±०.१५ ची ही फूट झपाट्याने घटली तर दोन फ्लक्सवरच्या पातळ्या एकमेकींत मिसळताहेत. तशीच राहिली तर ती एकाच फ्लक्सवरची, आणि खरी.

अंक १ ला प्रत्येक मिरर सेक्टरमध्ये फ्लक्समागे एकच पातळी असते. तिला जोडीदार नाही, म्हणून पार्टिकल-होल सममिती तिला शून्यावरच धरून ठेवते. अंक २ ला दोन असतात. त्या मिसळून ± ला जातात. भाराचा हिशोबही (चर्न अंक × क्वांटममध्ये मोजलेला फ्लक्स) तेच सांगतो: २ × १/२ = १, पूर्णांक, म्हणजे शून्यावर अडकून राहायचं कारणच नाही.

पक्कं आहे ते स्पेक्ट्रल फ्लो (फ्लक्स वाढवताना पातळ्यांचं सरकणं). फ्लक्स शून्यापासून एक क्वांटमपर्यंत (२π) न्या: एका सेक्टरमध्ये निव्वळ दोन पातळ्या गॅप ओलांडून वर जातात, दुसऱ्यात दोन खाली. दुसऱ्या फ्लक्सवर याच्या उलट, म्हणून पहिल्याभोवती त्रिज्या ५ मधलं वजन बघूनच पातळ्या मोजा.

उत्तर २:
कोड तपासायला पाय ही सर्वात वाईट जागा. तिथे उलटसुलट दोन्ही दिशांचा फेज −१ च असतो, त्यामुळे दिशेची चूक लपते. पाय/२ वर चालवा, हॅमिल्टोनियन (ऊर्जेचा मॅट्रिक्स) हर्मिशियन राहतो का, म्हणजे उलट्या उडीला उलटा फेज मिळतो का, बघा. कर्णावरच्या उड्या आहेत का? स्ट्रिंग (दोन फ्लक्स जोडणारी रेषा, जी ओलांडताना फेज द्यायचा) ओलांडणाऱ्या त्या उड्यांनाही फेज लागतो. बरेच जण फक्त शेजारच्या बॉंडना देतात.

प्रश्नकर्ता:
कर्ण-उड्या आहेत, फेजही दिलाय. पण फ्लक्सच्याच चौकटीतला कर्ण नेमका केंद्रातून जातो. तो कुठल्या बाजूचा धरायचा?

उत्तर २:
कुठलीही एक बाजू धरलीत की ९०° घूर्णन सममिती मोडते. दोन्ही बाजूंची सरासरी घ्या; पायला ती (+१ आणि −१ ची) शून्य येते, म्हणजे त्या चौकटीतले दोन्ही कर्ण काढून टाकायचे. आणि दुसरा फ्लक्स (१२,०) ऐवजी (१२,१२) वर ठेवा. टोरसवर तो बिंदू पहिल्या फ्लक्सभोवतीच्या घूर्णनात स्वतःवरच येतो.