मदत हवी आहे: अजगर अंग न वळवता सरळ पुढे कसा सरकतो?

नागमोडी चाल मुलांना सांगता येते. सापाच्या अंगाची वळणं दगडांना, गवताच्या ठोंबांना, जमिनीच्या उंचवट्यांना रेटतात. डाव्या-उजव्या बाजूचे रेटे एकमेकांना खोडतात आणि उरलेला जोर सापाला पुढे नेतो.

पण परवा एका व्हिडिओत जाडजूड अजगर पाहिला. अंगाला कुठेच वळण नाही, तरी गडी संथपणे पुढे चाललाय! हे कसं? तो बरगड्यांवर चालतो असं एका ठिकाणी वाचलं, ते खरं आहे का? आणि गुळगुळीत काचेवर साप नुसता वळवळत का राहतो? वर्गात शिकवायचं आहे, म्हणून कृपया जाणकारांनी नीट सांगा.

प्रतिसाद १

बरगड्यांवर चालण्याची कल्पना जुनी आहे, पण मुलांना ती सांगू नका. सरळ सरकताना बरगड्या पुढे-मागे होत नाहीत, हलते ती पोटाची कातडी. बरगड्यांपासून कातडीपर्यंत स्नायूंचे दोन संच असतात. पहिला पोटाचे रुंद खवले पुढे ओढतो. ते जमिनीवर टेकून घट्ट बसले, की दुसरा संच आतला सांगाडा पुढे खेचतो. ही लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते आणि अंगावर एका वेळी अशा अनेक लाटा चालू असतात, म्हणून अजगर न अडखळता पुढे जातो. न्यूमन आणि जेन या संशोधकांनी बोआ सापांच्या स्नायूंमधले विद्युत संकेत नोंदवून २०१८ मध्ये हे दाखवलं. कातडी सैल असलेल्या जाड सापांना ही चाल चांगली जमते. वेग कमी, पण अरुंद बिळात किंवा भक्ष्याच्या जवळ जाताना फार उपयोगी.

प्रतिसाद २

काचेबद्दल: पोटाचे खवले मागच्या बाजूने एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे खरखरीत जमिनीवर पुढे घसरणं सोपं आणि आडवं घसरणं अवघड. काचेवर खवल्यांच्या कडांना अडकायला काही मिळत नाही, सगळ्या दिशांचं घर्षण जवळपास सारखं होतं आणि वळणांचा रेटा वाया जातो.

फुरशाची आडवी चालही जरूर दाखवा. तो अंगाचे काही भाग उचलून पुढे टाकतो, टेकलेले भाग जागेवरच राहतात, म्हणून सुट्या वाळूतही घसरत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! आता व्हिडिओ संथ गतीने लावून मुलांना पोटाच्या कडेच्या एकाच खवल्यावर नजर ठेवायला सांगते. तो पुढे कधी सरकतो आणि टेकून कधी थांबतो, हे त्यांनाच शोधू दे.